‘डिस्को दीवाने’ आणि खालाची कॅसेट

१३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये नाझिया हसन वारली. कर्करोग होता, वय ३५. मी त्या दिवसांत बी.एड.च्या प्रवेशासाठी खेपा घालत होते आणि चिपळूणजवळ आजोळी मुक्कामाला होते. उर्दू पेपरातली छोटी बातमी खालाने दोनदा वाचली, पेपरची घडी केली आणि म्हणाली, "माझ्याच सालातली गं ती. पासष्टची."

मला तोवर नाझिया म्हणजे ‘कुर्बानी’तले ‘आप जैसा कोई’ एवढेच माहीत होते. ‘डिस्को दीवाने’ लग्नाच्या बँडवर ऐकलेले, पण ते कोणाचे हे कधी विचारले नव्हते. त्या संध्याकाळी खालाने एका कॅसेटची गोष्ट सांगितली. ती पुढे येईलच. आधी ते गाणे कुठून आले ते पाहू, कारण त्याचा प्रवास आपल्याकडे फार ढोबळपणे सांगितला जातो. "पाकिस्तानी पॉपची राणी" असे म्हटले की विषय संपतो. प्रत्यक्षात या गाण्याच्या जन्मात पाकिस्तानइतकाच वाटा बंगळूर, मुंबई आणि लंडनचाही आहे.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीचा. वडील बसीर हसन व्यापारी, आई मुनीझा बसीर समाजकार्यात. मुलांचे बालपण कराची आणि लंडन असे दोन्हीकडे गेले. १९७९-८० च्या सुमारास लंडनमधल्या एका घरगुती पार्टीत फिरोज खान यांची या मुलीशी गाठ पडली. ते तेव्हा ‘कुर्बानी’ करत होते. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते, पण झीनत अमानवर चित्रित होणाऱ्या एका क्लबमधल्या गाण्यासाठी फिरोज खानांना वेगळाच नाद हवा होता. त्यासाठी त्यांनी बिड्डूंना गाठले.

बिड्डू अप्पय्या हे कोडगू समाजातले, बंगळूरचे. साठच्या दशकात तिथे बँडमध्ये वाजवत होते, मग इंग्लंडला गेले आणि तिथे निर्माता झाले. १९७४ मध्ये त्यांनी कार्ल डग्लसच्या आवाजात ‘कुंग फू फायटिंग’ केले. ते मूळ तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, स्टुडिओची वेळ संपता संपता दहाएक मिनिटांत उरकलेले गाणे. पण ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. मागच्या बाजूचे गाणे पुढे निघून जाणे हा प्रकार लक्षात ठेवा. खालाच्या कॅसेटमध्येही मागच्या बाजूलाच महत्त्व आहे.

तर बिड्डूंनी नाझियाचा आवाज ऐकला आणि लंडनमध्येच ‘आप जैसा कोई’ रेकॉर्ड झाले. शब्द इंदीवर यांचे. ‘कुर्बानी’ जून १९८० मध्ये लागला आणि त्या वर्षी सर्वांत जास्त कमाई करणारा हिंदी चित्रपट ठरला. १९८१ च्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे पारितोषिक नाझियाला मिळाले. तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती.

इथे थोडे थांबून मला एक नोंद करायची आहे, कारण ती कोणी केलेली मी पाहिलेली नाही. हे पारितोषिक १९८१ ला नाझिया हसनला, १९८२ ला ‘कुदरत’साठी बेगम परवीन सुलताना यांना आणि १९८३ ला ‘निकाह’साठी सलमा आगांना मिळाले. सलग तीन वर्षे तीन मुस्लिम गायिका. त्याआधी हे पारितोषिक एकाही मुस्लिम गायिकेला मिळालेले नव्हते. एकेकाळी मुंबईच्या गाण्यात अमीरबाई, जोहराबाई, शमशाद बेगम, सुरैया, नूरजहाँ हेच आवाज होते. फाळणीत नूरजहाँ गेल्या, आणि १९४९ नंतर लताबाईंच्या आवाजाने सगळे मोजमापच बदलले. लताबाईंबद्दल तक्रार करण्याचे माझे वय नाही आणि तशी इच्छाही नाही. पण तीस वर्षांनी जे तीन आवाज एकापाठोपाठ आले ते किती वेगळे होते पाहा. एक आसामातून आलेली, पतियाळा घराण्यात तयार झालेली शास्त्रीय गायिका. एक कराचीत जन्मलेली, ‘निकाह’ची नायिकाच. आणि पहिली, जिच्या गळ्यावर कोणत्याही उस्तादाचा हात फिरला नव्हता, अशी शाळकरी मुलगी.

‘कुर्बानी’च्या यशानंतर बिड्डूंनी नाझिया आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब यांना घेऊन एक पूर्ण अल्बम करायचे ठरवले. तोच ‘डिस्को दीवाने’. १९८१ मध्ये भारतात एचएमव्हीने काढला. गाणी दहा, शब्द बहुतांशी अन्वर खालिद यांचे, रेकॉर्डिंग लंडनचे. पहिल्याच दिवशी मुंबईत लाखभर प्रती खपल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात. आकडा बाजूला ठेवू. कंपनीने काय धाडस केले ते आधी समजून घेऊ.

मराठी वाचकाला चित्रपटाबाहेरचे गाणे नवे नाही. आपल्याकडे भावगीत होते, रेडिओवर घरोघरी पोचलेले. हिंदी-उर्दूत ती जागा गझल, कव्वाली आणि भजनांची. जगजित-चित्रा सिंग यांच्या १९७६ च्या ‘द अनफर्गेटेबल्स’ने गझलेची तबकडी मध्यमवर्गाच्या घरात नेली होती. पण चित्रपट नाही, नट-नटी नाही, पडद्यावरचा प्रसंग नाही, आणि तरी नाचायचे गाणे विकायचे, हे इथल्या बाजारात या प्रमाणावर कोणी केले नव्हते. ‘डिस्को दीवाने’ने ते करून दाखवले. पुढच्याच वर्षी बिड्डूंच्याच संगीताचा ‘स्टार’ हा चित्रपट आला. कुमार गौरव असूनही पडला, मात्र ‘बूम बूम’ चालले. त्याच वर्षी रुना लैला आणि बप्पी लाहिरींचा ‘सुपररुना’ आला आणि त्याच वर्षी ‘डिस्को डान्सर’ही. मिथुनच्या त्या पांढऱ्या कपड्यांची आठवण सगळ्यांना आहे. दार आधी कोणी उघडले होते, ते मागे पडले.

आता शिक्षिकेची खोड म्हणून दोन ओळी भाषेवर. ‘डिस्को’ हा शब्द मूळ फ्रेंच ‘डिस्कोथेक’चा तुकडा. त्याचा अर्थ तबकड्यांचा संग्रह. ‘दीवाना’ फारसी. त्याचे मूळ ‘दीव’, म्हणजे भूत-सैतान. ज्याला दीव लागला तो दीवाना. आपला ‘देव’ आणि फारसीतला ‘दीव’ हे मुळात एकच, फक्त इराणात गेल्यावर तो सैतान झाला. तेव्हा ‘दीवाना’ला मराठीत ‘वेडा’ म्हणणे कमी पडते. ‘झपाटलेला’ हा नेमका शब्द. तबकडीने झपाटलेले, असे ते शीर्षक. मुलांना समास शिकवताना मी हे उदाहरण देते, वर्ग लगेच जागा होतो. आणि ‘आप जैसा कोई’ यातला ‘आप’ही ऐकण्यासारखा आहे. क्लबमध्ये, रंगीत दिव्यांखाली मुलगी बोलते आहे आणि तरी संबोधन आदराचे. तहजीब सुटलेली नाही.

नाझियाचा आवाज पातळ होता, थोडा नाकातला. हिंदी गाण्याला सवय झालेल्या कानांना तो ‘तयार’ वाटत नसे आणि आजही वाटत नाही. माझ्या मते तिथेच त्याची जादू आहे. तो कोणा नायिकेसाठी उसना दिलेला आवाज वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसारखीच ऐकू येते. आपल्या चित्रपटांत कॉलेजकन्येचे गाणे पन्नाशीच्या गायिकेने गाण्याची रीत होती, आणि आपल्याला ते कधी खटकले नाही. वर्गातल्या मुलींना मात्र हा फरक कोणी न सांगता कळला असणार. खालाला तर कळलाच.

आमचे आजोळ कोकणी मुसलमानांचे. घरात कोकणी, मदरशात उर्दू, शाळेत आणि बाजारात मराठी. मोठे मामू १९७८ पासून कुवेतला. त्या काळी आखातातून येणाऱ्या माणसाच्या सामानात तीन गोष्टी हमखास असत. अत्तर, ब्लँकेट आणि टू-इन-वन. मामूंनी १९८१ च्या अखेरीला टू-इन-वन आणला आणि सोबत कॅसेटी. त्यांत एक ‘डिस्को दीवाने’. वेष्टनावर ही बहीणभावंडांची जोडी, केस मोकळे.

खाला तेव्हा सोळाची. दहावी झाली होती, पुढचे शिक्षण थांबले होते. तिने ती कॅसेट पहिल्या आठवड्यात इतक्यांदा वाजवली की नानांनी विचारले, "ही कोण?" मामूंनी उत्साहाने सांगितले की कराचीची आहे, चांगल्या घरातली मुसलमान मुलगी. मामूंना वाटले, एवढ्याने नाना शांत होतील. नाना दोन्ही शब्दांना बिचकले. ‘मुसलमान मुलगी’ असून नाचाचे गाणे गाते, हे एक. आणि ‘कराचीची’, हे दुसरे. एकाहत्तरच्या लढाईला दहाच वर्षे झाली होती. "शेजारी काय म्हणतील, पाकिस्तानचं वाजवतात?" असे नाना म्हणाल्याचे खाला सांगते. शेजारी काहीच म्हणाले नव्हते. पण असल्या भीतीला कोणी काही म्हणावे लागत नाही, हे हा ब्लॉग वाचणाऱ्या निम्म्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

नाना गाण्याचे शत्रू नव्हते. उरुसाला रात्ररात्र कव्वाली ऐकायचे. अझीझ नाझाँचे ‘झूम बराबर झूम शराबी’ त्यांना पाठ होते, दारूचा थेंब कधी न घेता. म्हणजे आक्षेप संगीताला नव्हता. गाणारा कोण आणि ऐकणारी कोण, यावर सगळे अवलंबून होते.

त्यांनी कॅसेट मोडली नाही, पैशांची वस्तू होती. तिच्या वरच्या दोन खाचांवर कागदाची पट्टी चिकटवली, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करता येते, आणि मुंबईहून आलेल्या एका मौलवींच्या तकरीरीवरून ती भरून घेतली. पहिली बाजू पूर्ण भरली. दुसऱ्या बाजूला तकरीर लवकर संपली. शेवटची काही मिनिटे कोरी राहायला हवी होती, पण तिथे जुने गाणे तसेच राहिले. म्हणून खाला रोज दुपारी पूर्ण तकरीर मन लावून ऐकायची. नानांना फार समाधान वाटे. तकरीर संपली की ती आवाज कमी करून कान यंत्राला लावायची. "तकरीर मला अजून पाठ आहे," ती म्हणते.

मजा पुढच्या गणपतीत झाली. बाजारपेठेतल्या गणपती मंडळाने कर्ण्यावर दहा दिवस ‘डिस्को दीवाने’ लावले. सकाळी आरती, दुपारी नाझिया. नानांच्या पडवीत ते गाणे सगळ्या घराला ऐकू येत होते आणि मंडळाकडे जाऊन "हे पाकिस्तानी आहे" असे सांगणारे नाना अर्थातच नव्हते. मंडळातल्या पोरांना ते गाणे कुठले याच्याशी देणेघेणे नव्हते. ठेका चांगला होता. खाला म्हणते, आयुष्यात गणपतीची एवढी वाट मी पुन्हा पाहिली नाही.

तिकडे ज्या देशामुळे नाना बिचकत होते, तिथेही नाझियाला सुख नव्हते. जनरल झिया-उल-हक यांनी जुलै १९७७ मध्ये सत्ता घेतली होती, फेब्रुवारी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आले होते. सरकारी दूरचित्रवाणीवर स्त्रियांनी डोके झाकावे असा हुकूम निघाला. मेहताब चन्ना या लोकप्रिय निवेदिकेने तो मानला नाही आणि तिचा कार्यक्रम गेला. अशा काळात एका पाकिस्तानी मुलीने मुंबईच्या चित्रपटासाठी गाऊन पारितोषिक मिळवले आणि तिचा अल्बम पाकिस्तानातही घरोघर वाजू लागला. सरकारला तिला नाकारताही येईना आणि मिरवताही येईना. मग तोडगा निघाला. नाझिया-झोहेबला पडद्यावर दाखवायचे, पण कमरेच्या वरच. पाय हलताना दिसता कामा नयेत.

गाण्यात बंडाचा एक शब्द नाही. त्याच राजवटीत १९८६ मध्ये लाहोरला इक्बाल बानोंनी फैज गायल्या, तो प्रसंग आपण सगळे अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. पण तिथे शब्दच सत्तेच्या विरोधात होते, सेन्सॉरला काय कापायचे ते कळत होते. ‘डिस्को दीवाने’त कापायला काही नव्हते, म्हणून कॅमेरा वर उचलावा लागला. आमच्या नानांनी कागदाची पट्टी लावली, इस्लामाबादने चौकट लहान केली. नाना निदान आपल्या घरापुरते होते.

आणि इथेच मला ‘निकाह’ आठवतो. १९८२ चा बी. आर. चोप्रांचा तो चित्रपट आमच्या मोहल्ल्यातल्या बायका घोळक्याने पाहायला गेल्या होत्या. नानीसुद्धा. सलमा आगाही पाकिस्तानशी नाते असलेली, तीही पडद्यावर गाणारी, आणि विषय तर तलाकसारखा नाजूक. त्यावर वाद झाले, पण तिची गाणी घरात वाजली. नानांनीही अडवले नाही. खालाला याचे कोडे वाटायचे. मला वाटत नाही. सलमा आगा पडद्यावर रडत होती. रडणाऱ्या बाईचा आवाज आपल्याला चालतो, मग ती कराचीची असो की लखनौची. १९८३ मध्ये ‘हीरो’त रेश्माने विरहाचे गाणे गायले, तेही सरहद्दीपलीकडचेच, तेही सगळ्यांना चालले. नाझिया दुःखी नव्हती, एवढाच तिचा गुन्हा. हिंदी चित्रपटातल्या मुस्लिम बाईला तेव्हा तवायफ, बेगम किंवा तलाकपीडित यापलीकडे फारशी भूमिका नसे. बुरखा नाही, मुजरा नाही, आसू नाहीत, अशी ही मुलगी कुठल्या खणात ठेवायची हे ना त्यांना कळले ना आपल्याला.

पुढचे थोडक्यात सांगते. १९८४ मध्ये ‘यंग तरंग’ आला, त्याच्या गाण्यांच्या चित्रफिती निघाल्या, पाकिस्तानात तो प्रकार नवा होता. १९८७ ला ‘हॉटलाइन’, १९९२ ला ‘कॅमेरा कॅमेरा’. ऑगस्ट १९८८ मध्ये झिया विमान अपघातात गेले. पुढच्याच वर्षी त्याच सरकारी दूरचित्रवाणीवर ‘म्युझिक ८९’ हा कार्यक्रम झाला आणि सूत्रसंचालन नाझिया-झोहेबने केले. मधल्या काळात तिने लंडनमध्ये अर्थशास्त्र-व्यवस्थापन आणि कायदा शिकून घेतला, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम केले. गाणे हा तिचा पेशा होता की शाळेच्या वयातला एक लांबलेला उद्योग, असा प्रश्न कधीकधी पडतो.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. नव्वदच्या दशकात बिड्डूंनी एक नवे गाणे रचले आणि पहिल्यांदा नाझियाला विचारले. ती नाही म्हणाली. गाण्याचे नाव ‘मेड इन इंडिया’. आपल्या देशातल्या लोकांना ते लागेल, असे तिला वाटले. १९९५ मध्ये ते अलिशा चिनॉयने गायले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ज्या मुलीला १९८० मध्ये लंडनमध्ये बसून, बंगळूरच्या माणसाच्या संगीतावर, मुंबईच्या चित्रपटासाठी गाताना काही विचार करावा लागला नव्हता, तिला पंधरा वर्षांनी एका शीर्षकापुढे थांबावे लागले. मला तिच्या नकारात नानांचीच भीती ऐकू येते, फक्त दिशा उलटी. इथे ‘कराची’ म्हणताना घसा सुकतो, तिथे ‘इंडिया’ म्हणताना.

२००२ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान दिला. तो तिच्या आईने स्वीकारला. नाझियाची कबर लंडनमध्ये हेंडन इथे आहे.

२०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ नव्याने आले. विशाल-शेखरने सुनिधी चौहान आणि बेनी दयालला गायला लावले, मध्ये नाझियाचा मूळ आवाजही ठेवला. त्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या मुलींना त्याच गाण्यावर नाचायचे होते. आठवीच्या सहा मुली, तालीम पूर्ण. तीन घरांतून निरोप आला, नाच नको. मग मुलींनीच मार्ग काढला. उभे राहून गायच्या, टाळ्या वाजवायच्या. हार्मोनियमवर ते गाणे बसेना, म्हणून एकीच्या भावाचा कीबोर्ड आणला. पालक पहिल्या रांगेत बसले होते आणि एका वडिलांचा पाय खाली ठेका धरत होता, तो मी विंगेतून पाहिला.

घरी जाऊन खालाला फोनवर सांगितले. तिने नव्या गाण्याबद्दल एवढेच विचारले, "तिचा आवाज ठेवलाय ना?"

"ठेवलाय, मध्येमध्ये," मी म्हटले.

"मध्येमध्ये चालेल," खाला म्हणाली. "मला सवय आहे."